सत्यशीलाबाईंची सायकल आणि सरपंचांची जीप

सत्यशीलाबाईंनी सायकलीनं सरपंचांची जीप उलटी केली, अशी बातमी त्या मंगळवारी दुपारी बोरीच्या बाजारात पोचली. पिंगळीच्या स्टेशनावर जाईपर्यंत जीपचा ट्रक झाला होता. आणि बाईंचे यजमान सिताराम गुरुजी पालमला शाळेवर होते, तिथं बातमी पोचली तेव्हा बाईंनी तो ट्रक उचलून बाभळीवर टांगला होता. गुरुजी मिळेल ती एसटी धरून धापा टाकत घरी आले. बघतात तर बाई ओट्यावर बसून एका हातानं तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

ही बातमी पहिल्यांदा कुणी सोडली ते मला विचारू नका. मी त्यात फक्त 'उलटी' एवढा एक शब्द घातला होता, बाकीचा माल लोकांचा. खरं म्हणजे जीप उलटली नव्हती, बाभळीवर आदळली होती. आणि धडक झाली तेव्हा बाई सायकलवर बसलेल्याही नव्हत्या. पण जे खरं घडलं ते माझ्या शब्दापेक्षा मोठं निघालं, म्हणून हे लिहायला घेतलं.

बाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. सरकारी नर्स. आमच्या गावात त्यांना कुणी नर्स म्हणत नाही, शिष्टर म्हणतात. त्यांच्याकडं पाच गावं आणि दोन वस्त्या. लेकरांना लस टोचायची, बाळंतिणी बघायच्या, गोळ्या वाटायच्या. एसटी त्यातल्या दोनच गावांना जाते. बाकीच्या ठिकाणी आधी त्या पायी जायच्या. मग एक्क्याऐंशी साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्या शाळेच्या मैदानावर गुरुजींच्या सायकलवर शिकल्या. रोज संध्याकाळी पडायच्या आणि रोज संध्याकाळी अर्धं गाव बघायला जमायचं. मीही असायचो. एकदा म्हणालो, "बाई, जरा हळू पडा, म्हशी बुजायल्यात."

त्या उठल्या, पदर झाडला आणि म्हणाल्या, "भाऊजी, म्हशींना सांगा, उद्या घंटी लावून पडते."

महिन्याभरात त्यांनी मागच्या चाकाला जाळी असलेली लेडीज सायकल घेतली. हँडलला लशीचा बर्फाचा डबा, कॅरिअरला पिशवी. पांढऱ्या साडीतली बाई सायकलवरून निघाली की शेतातल्या बाया खुरपी खाली ठेवून बघत राहायच्या.

त्यांची चालवायची एक रीत होती. आमच्या सडकेला एका गाडीपुरतंच डांबर. समोरून दुसरं कुणी आलं की लहानानं खाली उतरायचं, असा अलिखित कायदा. बैलगाडीनं ट्रकला वाट द्यायची, सायकलनं बैलगाडीला, आणि पायी माणसानं सगळ्यांना. बाकीचे सायकलवाले गाडी अंगावर आली की घाईघाईनं हँडल वळवायचे. बाई तसं करत नसत. लांबून इंजिनाचा आवाज आला की सायकलवरून उतरायच्या, ती मातीत घ्यायच्या आणि गाडी जाईपर्यंत ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघत उभ्या राहायच्या.

मी विचारलं, "गाडीकडं बघावं माणसानं. ड्रायव्हरच्या तोंडाकडं काय बघता? गुरुजींना सांगू का?"

"गाडी कुटं जानार ते गाडीला कुटं ठाऊक हाय, भाऊजी? ज्याला ठाऊक हाय त्याच्याकडं बघते."

आता सरपंचांविषयी. माणिकराव म्हणजे दीडशे एकरांचे धनी. सत्याऐंशीच्या दिवाळीला त्यांनी औरंगाबादहून जुनी जीप आणली. गावातली पहिलीच. चालवायचे स्वतः. हॉर्न वाजवत नसत. कारण विचारलं तर म्हणाले, "हॉर्न वाजवला की लोक बाजूला व्हतेत. मग जीप बघावी कुनी?" अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीपासून आमच्या आळीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. आमची आळी त्यांच्यासाठी जीपच्या खिडकीतून दिसण्यापुरती. तरी बाई सडकेला दिसल्या की जीप थांबवून म्हणायचे, "शिष्टर, बसा की. त्या काडीवर बसून कुनी तरी उडवंल तुमाला. लोखंडाच्या पेटीत बसलं की फिकीर न्हाई."

बाई दर वेळी एकच उत्तर देत, "तुमी फाट्यापर्यंत जानार, सरपंच. मला वस्तीवर जायचंय."

त्या मंगळवारीही सकाळी हेच बोलणं झालं. सरपंच जीप घेऊन पुढं निघून गेले आणि बाई मागून सायकलवर निघाल्या. मार्च महिना होता, सुगी चालू होती. सुगीत आमच्याकडं ज्वारीचं खळं सडकेवर करतात. कापलेली कणसं डांबरावर पसरायची. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं फिरली की दाणे आपोआप मोकळे होतात, बैल नको, माणूस नको. त्या दिवशी दीड फर्लांग ज्वारी पसरली होती. ज्वारी होती सरपंचांचीच. राखणीला त्यांचा सालगडी मुंजाजी हातात फोक घेऊन शेळ्या हाकत बसला होता. पुढचं सगळं त्यानं डोळ्यांनी पाहिलं.

पसरलेल्या ज्वारीवर बाई कधीच सायकल घालत नसत. सुटलेल्या दाण्यावर चाक घसरतं हे त्यांना मैदानावरच्या पडण्यानं शिकवलं होतं. त्या उतरल्या, सायकल कडेच्या मातीत घेतली आणि ढकलत चालू लागल्या. मुंजाजी हसला, "शिष्टर, घाला की वरून, चार दानं तुमच्या चाकानं बी निगतील."

तेवढ्यात फाट्याकडून जीपचा आवाज आला. आपलीच ज्वारी, आपलीच जीप. सरपंचांनी दाणे चांगले निघावेत म्हणून वेग वाढवला. बाई थांबल्या आणि नेहमीप्रमाणं ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघू लागल्या. सरपंच ज्वारीकडं बघत होते. मग त्यांना एकदम बाई दिसल्या आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

दाण्यांवर ब्रेक लागत नाही. जीप तिरपी झाली आणि थेट बाईंच्या अंगावर आली. मुंजाजी म्हणतो, "जीप वळायच्या आदीच शिष्टरनं सायकल सोडली व्हती. सरपंचाचं तोंड बघूनच तिला कळलं आसंल." बाईंनी मागं सडकेकडेच्या चारीत उडी टाकली. जीपच्या बंपरनं सायकलचं मागचं चाक धरलं, हँडल गर्रकन फिरलं आणि उडीत असलेल्या बाईंच्या डाव्या मनगटावर बसलं. जीप सायकल घेऊन तशीच पुढं गेली आणि बाभळीवर आपटली.

काचा पडायचा आवाज तेवढा येत राहिला, असं मुंजाजी सांगतो.

बाई चारीतून वर आल्या तेव्हा मनगट वाकडं झालेलं आणि गुडघे सोललेले. त्यांनी आधी लशीचा डबा उचलला, झाकण बघितलं, आणि तो बाभळीच्या सावलीत ठेवला. मग जीपकडं गेल्या. सरपंच स्टिअरिंगवर पडले होते. कपाळ फुटलेलं, श्वास नीट घेता येईना. शेतातली माणसं पळत आली. कुणी तांब्या घेऊन आलं, कुणी सरपंचांना बगलेत धरून ओढायला लागलं.

"हात लावू नका!" बाई ओरडल्या. "पानी पाजू नका, ठसका लागंल. मान हलवू नका."

सरपंचांच्या माणसांना आमच्या आळीतल्या बाईनं हुकूम द्यावा आणि त्यांनी ऐकावा, हे आमच्या गावात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी ऐकलं. बाईंनी एका हातानं आणि दातांनी पट्टी फाडून कपाळ बांधलं. मग एक फळी मागवली, सरपंचांना त्यावर सरळ निजवलं आणि ट्रॅक्टरमधून परभणीला पाठवलं. मुंजाजी म्हणाला, "शिष्टर, तुमी बी बसा की, हात मोडलाय तुमचा."

"बर्फ संध्याकाळपर्यंतच ऱ्हातोय, मुंजाजी. वस्तीवर लेकरं थांबलीत."

आणि त्या चालत निघाल्या. अडीच मैल. उजव्या खांद्याला डबा, डावा हात पदरानं गळ्यात बांधलेला. वस्तीवर सोळा लेकरं होती. सुई टोचायला दोन हात लागतात, म्हणून इंजेक्शनं पुढच्या खेपेला ठेवली आणि पोलिओचे थेंब सगळ्यांना पाजले. मग परत आल्या, आणि तेव्हा कुठं दवाखान्यात जाऊन प्लास्टर घालून घेतलं.

संध्याकाळी मी जीप बघायला गेलो. हसायच्या तयारीनंच गेलो होतो. सायकल आधी दिसली. मागचं चाक पोळीसारखं दुमडलेलं. बाई सीटवर बसलेल्या असत्या तर पाय तिथंच असता. मग जीपमध्ये वाकून बघितलं. सरपंचांच्या बाजूचा पत्रा चेपला होता, पण माणूस वाचेल एवढी जागा आत राहिली होती. त्या लोखंडानंच त्यांना वाचवलं. हाच माणूस सायकलवरून बाभळीवर गेला असता तर आम्हाला त्याला बाभळीवरून गोळा करावं लागलं असतं. आणि शेजारची सीट, जिथं सकाळी बाईंना बसा म्हणाले होते, तिच्यात बाभळीची मनगटाएवढी फांदी काच फोडून आली होती आणि पाठीच्या गादीतून आरपार गेली होती.

माणूस कशानं वाचतो आणि कशानं जातो, याचा मला काही अंदाज लागेना.

गावात मात्र सगळ्यांना अंदाज लागला होता. पुढचे आठ दिवस दुसरा विषय नव्हता. मुंजाजीचं म्हणणं, "सायकलवर बसली आसती तर खलास." पिठाच्या गिरणीवरचा सूर्यभान म्हणायचा, "जीपमदी बसली आसती तर खलास." मी म्हणालो, मग सगळ्यांनी पायीच फिरावं असा ठराव ग्रामपंचायतीत घ्या. तर सूर्यभान म्हणाला, "ठरावावर सही करनारा बरगड्या मोडून निजलाय."

बाईंच्या घरात मात्र ही गंमत नव्हती. सासूबाई चांगुणाबाईंनी ती दुमडलेली सायकल भंगारवाल्याला द्यायला काढून ठेवली. "आज हात मोडला, उद्या मान मोडंल. एसटीनं जा. एसटी जाती तेवढंच गाव कर. सरकारला काय कळतंय कुटं गेली न् कुटं न्हाई." गुरुजी पालमहून आले आणि तेही आईच्या बाजूचे झाले. मी भिंतीवरून विचारलं, "काय शिष्टर, सायकल सुटली म्हनायची?" पहिल्यांदाच त्यांनी मला उलटं उत्तर दिलं नाही. तेव्हा मला कळलं की हे थट्टेचं प्रकरण नाही. एसटी जाते ती गावं दोनच. सायकल गेली म्हणजे बाकीची तीन गावं आणि दोन्ही वस्त्या गेल्या.

रविवारी वस्तीवरून कडूबाई कडेवर लेकरू घेऊन चालत आली. ओट्याला बसली, पाणी प्याली आणि एवढंच म्हणाली, "इंजेक्शन ऱ्हायलंय. मंगळवारी यायलाव न्हवं, बाई?" चांगुणाबाईंनी तोंड फिरवलं. बाईंनी त्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला, पण येते म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच आले. छातीला पट्टा, कपाळाला सात टाके, मुंजाजीच्या खांद्यावर हात. पायी आले, आणि आमच्या आळीत आले. दहा वर्षांत पहिल्यांदा. आख्खी आळी दारात उभी राहिली. ते थेट बाईंच्या ओट्यापाशी आले आणि बसले. चांगुणाबाई कपबशी घेऊन बाहेर आल्या आणि देऊ की नको म्हणून दारातच थांबल्या. सरपंचांनी हात पुढं केला. चहा घेतला, बशीत ओतला आणि प्याले.

मग म्हणाले, "शिष्टर, तुमी व्हत्या म्हनून मी हाय. आता माजं ऐका. आजपासून सायकल बंद. जीप दुरुस्त व्हायलीय. दर मंगळवारी मुंजाजी तुमाला फाट्यापर्यंत सोडंल."

"फाट्याफुडं?" बाईंनी विचारलं.

"फाट्याफुडं जीप जात न्हाई, ते तुमाला बी ठाऊक हाय. जाती तितंपर्यंत करा. जीव मोठा का वस्ती मोठी?"

"आयका जरा, मोठी मानसं सांगायलेत," चांगुणाबाई आतून म्हणाल्या.

सरपंचांना जोर चढला. "मी घरी पडल्या पडल्या लय इचार केला, शिष्टर. माजी जीप बाबळीवर गेली, तरी मी बसून चहा पितोय. तुमच्या सायकलीला नुसता धक्का लागला, तर चाकाची घडी झाली. धडकीत लोखंडातलाच मानूस वाचतो. खोटं आसंल तर सांगा."

मी भिंतीवर कोपरं टेकून उभा होतो. मनात म्हणालो, बाई आता हरल्या, कारण माणूस खरं बोलतोय.

बाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. ओट्यावरून उतरल्या, भंगारात काढलेली सायकल उजव्या हातानं उभी केली आणि मुंजाजीकडं दिली. म्हणाल्या, "ही बोरीला ने, नवं चाक बसवून आन." मग सरपंचांकडं वळल्या.

"खरं हाय, सरपंच. धडकीत तुमाला कमी लागतंय न् मला जास्त. म्हनून मी धडक व्हऊ देत न्हाई, न् तुमाला तिची फिकीर न्हाई. पलस्तर निगालं की दर मंगळवारी मी सायकलवरच जाते. तुमी हॉर्न वाजवा."