रूथला शेवट सांगायचा राहिला

मंडळी, आज कामापेक्षा एका सिनेमानेच जास्त थकवलं.

काल एक आफ्रिकन सिनेमा पाहिला. लेकराला आजीकडे ठेवून शहरात धुणीभांडी करणाऱ्या आईची गोष्ट. इंग्रजी मी सबटायटल वाचून स्वतःच शिकलो, त्यामुळे माझं एकही वाक्य सुटत नाही.

इथे आखातात, जबल अलीला, आमच्या गोदामाच्या गेटवर रूथ ही युगांडाची गार्ड असते. ड्युटीवर तिला मोबाइल चालत नाही, म्हणून कंपनीची बस येईपर्यंत मी तिला सिनेमे सांगतो. आज हा सांगितला. बाळाला पाठीशी बांधायचं कापड पिवळं, काठ निळा, इतक्या बारकाईने.

ती हसली. मग हळूच म्हणाली, "सर, लास्ट में बेबी मम्मी को पहचाना?"

मुलगी सहा महिन्यांची असताना रूथ इकडे आली. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच रजेवर घरी जातेय.

सिनेमातलं पोर आईला बघून आजीच्या मागे लपतं.

"शेवटी माझा डोळा लागला," मी म्हणालो.

"आप? आप तो कभी नहीं सोता, सर."

तेवढ्यात बस आली. उद्या ती पुन्हा विचारणार. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?