डिझेलच्या जीपला हवा लागली तेव्हा

धरणगावजवळच्या आरोग्य केंद्रात मी जीप चालवायचो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमची पेट्रोलची जुनी जीप गेली आणि डिझेलची आली. तिचा मला पहिल्या दिवसापासून राग होता. उभी असली तरी धडधडायची. आत बसलेल्या माणसाला बोलताना ओरडावं लागे. काळ्या मातीच्या चिखलातून मात्र ती जुनीपेक्षा सहज निघायची. हे मी तेव्हा कोणाजवळ कबूल केलं नाही.

जुनीचा स्वभाव मला पाठ होता. तिचा पेट्रोलचा काटा कधीच बंद पडलेला, त्यामुळे टाकी संपेपर्यंत चालवायची आणि मग सीटखालचा पेट्रोलचा डबा ओतायचा ही आम्हा ड्रायव्हरांची रीतच. हँडलचे दोन फेरे मारले की सुरू. नवीचा काटा चालू होता, पण तो बघायची सवय कोणाला होती? मेकॅनिकने बजावलं होतं की डिझेलची टाकी कोरडी होऊ देऊ नका, नळीत हवा शिरते आणि मग इंजिन सुरू होत नाही. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला हा कालचा पोरगा शिकवतोय, असं मला वाटलं.

कापूस वेचणीचे दिवस होते. सिस्टर लसींचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन शेजारी बसल्या होत्या. एका खेड्यात पोरांना लस द्यायची होती आणि बाया वेचणी सोडून शाळेच्या ओट्यावर थांबणार होत्या. गावाच्या अलीकडे नाल्यात टाकी संपून गाडी बंद पडली. मी सीटखालचा डिझेलचा डबा ओतला, स्टार्टर मारला. मारतच राहिलो. शेवटी बॅटरीही बसली. माझ्या पिशवीत प्लगचा पाना, जुना प्लग, पॉलिश पेपर. या इंजिनाला त्यातलं काहीही लागत नव्हतं. हवा काढायचा स्क्रू कुठे असतो हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी बॉनेटवर मूठ आपटली. इतकी चीड आली होती, आणि इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही हे कळत होतं म्हणून ती आणखीच वाढली.

दुपारी एक ट्रॅक्टरवाला आला, त्याने स्क्रू सैल करून पंप मारला, हवा निघून डिझेलला फेस येणं थांबल्यावर तो आवळला आणि ट्रॅक्टरने ओढून गाडी सुरू करून दिली. आम्ही शाळेपाशी पोचलो तेव्हा सिस्टरनी डबा उघडला. आत नुसतं कोमट पाणी. ती लस देता येत नव्हती. बाया सकाळपासून बसलेल्या.

एक बाई पोराला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. "परत कवय येशात?" तिने विचारलं. पुढच्या बुधवारी, मी म्हणालो.

बुधवारी टाकी भरून आठलाच पोचलो. ओट्यावर कोणी नव्हतं. सिस्टर डबा खांद्याला अडकवून शेताशेतांतून फिरल्या, मी मागे. ती बाई वेचत होती. हात न थांबवता म्हणाली, "एक दिननी मजुरी गयी, भाऊ. परत कोन देई?"

पोर कुठे, असं सिस्टरनी विचारलं. मामाच्या गावाला, एरंडोलकडे पाठवलेलं. ते त्या दिवशीही लसीवाचून राहिलं.