हसले तेही लिहा

ज्वारी निम्मी निवडून झाली होती, तेवढ्यात भिवराबाईनं माझ्या सुपातच मोबाईल ठेवला. भिवराबाई माझी धाकटी जाऊ. बाराव्या वर्षी तापात कान गेले, पण सातवी शिकलेली. वाचल्याशिवाय कशावर सही करायची नाही. नवरा गेल्यापासून दोन गाईंवर घर चालवते, आणि यंदाच्या दुष्काळात त्या गाई सोसायटीच्या चारा छावणीत. वाटणी झाली तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

सोसायटीच्या सचिवानं, बंकटनं, सभेचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर टाकला होता. बातम्यांच्या खाली अक्षरं येतात, तशी याच्याखाली द्या, असं हिनं दोनदा लिहून मागितलं. एका बाईसाठी आता पिक्चर काढायचा का, असं त्यानं उलट कळवलं. म्हणून नाइलाजानं माझ्या दारात.

मी ऐकून माझ्या हिशेबाच्या वहीत लिहिलं: उद्यापासून बिल्ल्याशिवाय जनावर छावणीत राहणार नाही. बिल्ले आज चारला वाटणार.

तिनं वाचलं. मग व्हिडिओ मागं नेला आणि एका जागी बोट टेकवलं. सगळ्यांचे दात दिसत होते.

"हितलं कावून न्हाई लिव्हलं?"

काही नाही, नुसते हसले, अशी मी खूण केली.

"कशाला हसले ते लिव्हा, बाई. कोण हसलं ते बी."

तिचा आवाज मोठा. शेजारची छबुबाई दारात येऊन उभी राहिली. मला लई राग आला. पण वहीच्या माथ्यावर मी रोज आधी देवाचं नाव लिहिते, आणि त्याच पानावर अर्धं दडवलं होतं. लिहिलं. बंकट म्हणाला, 'भिवराबाईचं नाव हजेरीत तीनदा पुकारलं, ओ आली नाही, म्हणून बिल्ल्यांच्या यादीतून कटाप. गाईंनी तरी हंबरायचं.' यावर आमचे हे सगळ्यात मोठ्यानं हसले.

हे दडलं असतं तर चारला ती रांगेत उभी राहून रिकामी परतली असती, आणि उद्या दोन्ही गाई दावणीला बिनचाऱ्याच्या.

तिनं 'आमचे हे' वर बोट ठेवलं. "हे कोण? नाव लिव्हा."

उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं, ते नाव मी लिहिलं. रामकिसन.

"खाली सही करा."

केली. तिनं पान फाडून घेतलं, देवाच्या नावासकट. आभाराचा शब्द नाही. ते पान पदरात खोचून ती आष्टीला तहसील कचेरीत तक्रारीचा अर्ज द्यायला गेली.