सराफाकडे नेलेलं पेन

नाशिकला सातपूरच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला एक जपानी इंजिनियर आले होते. नव्वदीची सुरुवात असेल. दोन महिने आमचे हे त्यांच्यासाठी घरून डबा नेत. तिखट कशात आहे ते कळावं म्हणून मी रोज डब्यात मोडक्या इंग्रजीत चिठ्ठी घालायचे: 'भाजी, नो चिली. चटणी, डेंजर.'

परत जाताना ते गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी आले आणि दोन्ही हातांनी एक लाकडी पेटी माझ्यापुढे धरली. "चिठ्ठ्या लिहिणाऱ्या वहिनींसाठी," सोबतचा दुभाषा म्हणाला. मी पदराला हात पुसेपर्यंत पेटी ह्यांच्या हातात गेली होती.

आत शाईचं पेन. झाडाच्या चिकाचं काळंभोर रोगण थरावर थर चढवलेलं आणि त्यावर सोन्याच्या भुकटीने काढलेले दोन चतुर. पंखांच्या शिरासुद्धा दिसत होत्या. मला त्या पेनाने लिहायचं होतं, बाकी काही नको होतं.

"खराब करशील," हे म्हणाले.

पेन कपाटात गेलं. पाहुणे आले की बाहेर यायचं. चतुर अगदीच किरकोळ वाटले म्हणून ह्यांनी पाहुण्यांना सांगताना त्यांचे मोर केले. दसऱ्याला स्कूटर, पाना आणि पेन यांना झेंडू वाहिला जाई. शाई मात्र कधी भरली नाही. मला भयंकर राग यायचा. तो मी भाकरी थापताना काढायचे, त्यामुळे भाकऱ्या फार छान व्हायच्या.

मग एका पाहुण्याने विचारलं, "सोनं खरं कशावरून?" ह्यांची झोपच उडाली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन सराफ बाजारात. सराफांनी चष्मा लावला आणि बांगडीचं करतात तेच पेनाचं केलं. कसोटीच्या दगडावर घासलं. एका चतुराचा पंख गेला.

"सोनं आहे, पण नावाला," सराफ दगडाकडे बघत म्हणाले. "आटवून काही निघायचं नाही."

घरी आल्यावर ह्यांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. "घे. तसंही तुझंच आहे ना ते."

मी त्याच दुपारी शाई भरून आईला चार पानं लिहिली. इतकं अलगद चाललं की मला रडू आलं. पुढे वाण्याची यादीही त्यानेच, हिशोबाच्या वहीतल्या कविताही त्यानेच. कविता ह्यांना अजून माहीत नाहीत.

बारा-तेरा वर्षांनी इंजिनियरसाहेब पुन्हा नाशकात आले, घरी जेवायला आले. पेन हातात घेऊन पंखाच्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं. "पडलं हो," हे घाईने म्हणाले. साहेबांनी पेन मला परत दिलं आणि दुभाष्याकरवी सांगितलं की पंख दुरुस्त करता येईल, पेन ते सोबत जपानला घेऊन जातील, वर्षभरात होतं तसं होऊन येईल.

हे लगेच उठले. पेन घ्यायला माझ्यापुढे हात केला.

"नको," मी म्हणाले. "वर्षभर मी लिहू कशाने?"

साहेब हसले आणि मला वाकून नमस्कार केला. हे हात पुढे करून तसेच उभे होते.