फॅमिलीलाच देतो म्हणे!

मंडळी, डोकं फिरलंय माझं! आज आई अन् मी बेसा भागात भाड्याचा फ्लॅट पाहायला गेलो. गेटवर पाटी होती, 'फक्त फॅमिलीसाठी'.

घरमालक काकांनी विचारलं, "मिस्टर काय करते?"

"लग्न नाही झालं. बाबा वारले. आम्ही दोघीच राहू."

"मंग नाही जमत, बेटा. आमी फॅमिलीलेच देतो."

"काका, ही माझी सख्खी आई आहे!"

ते नुसते हसले.

निघताना आईनं पाणी मागितलं. काका स्वतःच उठले. "थांबा, आणतो. फॅमिली माहेरी गेली हाये, घरी मी एकटाच आहो."

म्हणजे बायको माहेरी गेली तरी हा एकटा माणूस फॅमिलीवाला! अन् माझ्या जन्मापासून एका घरात राहणाऱ्या आम्ही मायलेकी? सांगा ना, आम्ही कोण?