समेट झाला नाही, एवढं लिहून द्या

ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची आणि फ्रेममध्ये बसवायची. जगाचे नंबर जुळवता जुळवता तिची पाठ धरली होती, आणि स्वतःच्या सहा वर्षांच्या लेकीचा डोळा मात्र तिरळाच होता. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन लवकर करा. पण घटस्फोटानंतर मुलीच्या प्रत्येक मोठ्या निर्णयावर दोघांची सही लागायची, आणि मुलीचा बाप म्हणायचा, "चष्म्यानं होईल की!"

शेवटी ती कोर्टात गेली. कोर्टानं आधी दोघांना मध्यस्थाकडे पाठवलं. सात महिन्यांत चार तारखा झाल्या. दोनदा तो आलाच नाही, दोनदा "विचार करून सांगतो" म्हणून उठून गेला. दर वेळी तिची रजा पाण्यात गेली.

पाचव्या तारखेलाही त्याची खुर्ची रिकामी होती. मध्यस्थ बाई म्हणाल्या, "अजून एक तारीख घेऊ या का?"

"नको, ताई. समेट झाला नाही, एवढं लिहून द्या. मग जजसाहेब तरी काय ते ठरवतील."

बाईंनी लिहून दिलं. पंधरवड्यात न्यायाधीशांनी उपचाराचा निर्णय आईकडे सोपवला. मुलीचे रविवार पूर्वीसारखे बापाकडेच राहिले. जिंकल्यासारखं तिला काही वाटलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. त्या दिवशी तो आला, तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसला आणि म्हणाला, "मला भीती वाटत होती गं."

"मग तसं म्हणायचंस ना," ती म्हणाली. भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.