तांदळाच्या खळीचा पडदा

बेळगावला लागून असलेल्या आमच्या वडगावात एके काळी मोकळ्या मैदानावर अभिजात नाटकांचा महोत्सव भरत असे. तो आमच्या घराण्याने सुरू केला आणि आमच्याच घराण्याने बंद पाडला, त्यामुळे बाहेरच्या कुणाला दोष द्यायची सोय नाही.

तेव्हा साहेबाचं राज्य होतं. बेळगावात मोठमोठ्या नाटक कंपन्या येत आणि लोक भाकरी बांधून नाटकाला जात. आमचे वडील, म्हणजे अण्णा, विणकर. घरात हातमाग होते, आमच्या लुगड्यांना खडेबाजारात मान होता. एकदा अण्णा एका पौराणिक नाटकाला गेले आणि त्यांना नेमकी खांबामागची जागा मिळाली. सबंध नाटकात त्यांना राजाचा डावा हात तेवढा दिसला. (राजा उजव्या हाताचा असल्यामुळे त्या हाताला फारसं काम नव्हतं.) घरी येऊन त्यांनी पागोटं खुंटीला अडकवलं आणि आईला म्हणाले, "आपल्या वाडवडलांनी नाटकं कुठं केली? उघड्यावर. ह्ये खांब मागनं आल्यात."

दुसऱ्या दिवसापासून प्राचीन परंपरेचं पुनरुज्जीवन सुरू झालं. (हे शब्द अण्णांनी वर्तमानपत्रातून आणले होते.) आमच्या गल्लीमागे एक मैदान होतं. तिथे विणकर सुताचे ताणे पसरून त्यांना पिठाची खळ लावत. तीच रंगभूमी ठरली. समिती नेमली गेली. अध्यक्ष अण्णा, चिटणीस अण्णा, आणि बाकीचे सभासद अण्णांच्याच मागांवर काम करणारे, त्यामुळे सगळे ठराव एकमताने पास होत. नाटकंही अण्णाच लिहीत. त्यात एक राजा, एक राणी आणि एक शाप देणारा ऋषी असे. दर वर्षी राजाचं नाव बदले, शाप तोच राही. दिवाबत्ती परवडत नसल्यामुळे नाटक दुपारची जेवणं उरकली की सुरू होई आणि दिवेलागणीला संपे. "पूर्वी सूर्यनारायणाच्या उजेडातच करत," अण्णा सांगत, आणि पूर्वीचं कुणीच हयात नसल्यामुळे ते खरं ठरे.

राणीचं काम माझ्याकडे होतं. बायका तेव्हा रंगभूमीवर येत नसत, आणि माझी मिशी अजून विचार करत होती. शिवाय विणकराचं घर, लुगड्यांना तोटा नाही. मी नऊवारी असं नेसत असे की गल्लीतल्या बायका हेव्याने बघत. गाण्याबद्दल मात्र कुणी काही बोलत नसे.

महोत्सवाचा खरा शत्रू होता वारा. बेळगावचा वारा कुणाच्या बापाचा नाही. पहिल्या वर्षी राजवाड्याचा पडदा उडाला आणि मारुतीच्या देवळावर जाऊन बसला. पुढच्या वर्षी तो राजाला गुंडाळून घेऊन गेला. राजा होणारा शेजारचा मल्लू तेव्हापासून प्रवेश करताना आधी आभाळाकडे बघत असे. तिसऱ्या वर्षी अण्णांना उपाय सापडला. विणकराला जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध माहीत असतं. अण्णा म्हणाले, "पडद्याला खळ लावू."

आता याच सुमारास माझ्या लग्नाचं चाललं होतं. खानापूरचे आप्पा म्हणून एक गृहस्थ होते. आमच्यातलेच, पण त्यांच्या वडलांनी माग मोडून भातशेती धरली होती. त्यांची मुलगी मी एकदा जत्रेत पाहिली होती, तीही पाठमोरी; पण माझ्या बाजूने तेवढ्यावरच सगळं ठरलं होतं. रात्री झोप लागत नसे, मागावर धोटा उलटा फेकला जाई. अडचण एकच होती. आप्पांनी निरोप धाडला होता, "पोरगा मागावर बसणारा असंल तर बोला. नाटक्याला पोरगी देणार न्हाय."

शहाण्या माणसाने अशा वेळी महोत्सव गुपचूप उरकला असता. पण अण्णांना लग्नही हवं होतं आणि महोत्सवाला बाहेरगावचा प्रमुख पाहुणाही हवा होता. त्यांनी आप्पांनाच बोलावलं! आप्पा नाटकाच्या विरुद्ध होते, पण हाराच्या विरुद्ध नव्हते. ते लगेच कबूल झाले.

"आणि मी?" मी विचारलं.

"परशा, तू सुतासाठी हुबळीला गेलायस," अण्णा म्हणाले. "पांढरी पूड चोपडल्यावर तुला तुझी आई वळकत न्हाय, आप्पा कुठलं वळकणार?"

येण्याआधी आप्पांनी रिवाजाप्रमाणे घरच्या नव्या तांदळाचं पोतं पाठवलं. काय वास होता त्याला! आईने ते पाहुण्यांच्या जेवणासाठी उतरंडीमागे ठेवलं. अण्णांनी ते शोधून काढलं. रोजची खळ ज्वारीच्या पिठाची; ती लुगड्याला ठीक, राजवाड्याला कमी पडते, असं त्यांचं म्हणणं.

"अवो, भात करायला दिलाय त्यो," आई म्हणाली.

"भातच करतोय. जरा पातळ."

मोठ्या हंड्यात खळ शिजली. आमच्याच मागांवर विणलेल्या पट्ट्या जोडून केलेला पडदा. त्यावर राजवाडा, खिडक्या आणि बाजूला घनदाट अरण्य रंगवलेलं. आम्ही त्याला मागून खळीचे हात दिले. एक हात वाळला की अण्णा बोटाने टिचकी मारून बघत आणि म्हणत, "अजून." शेवटी पडदा असा कडक झाला की दोरीला बांधण्याआधीच तो भिंतीला टेकून स्वतःच्या पायावर उभा राहिला. सगळ्या मैदानात ताज्या भाताचा वास सुटला. समितीने अण्णांच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने पास केला.

महोत्सवाच्या दिवशी आप्पा स्वतःच्या बैलगाडीतून आले. गाडी रंगमंचाच्या कडेला बाभळीच्या सावलीत सोडली. त्यांच्या घरची बायकामाणसं गाडीतच बसून राहिली. तिथून त्यांना नाटक आडवं दिसणार होतं, पण खांब नव्हता. बैल म्हणजे नुसते हत्ती. ते चाकाला बांधले आणि अण्णांनी त्यांच्यापुढे कडबा टाकला. बैलांनी तो हुंगला आणि मान फिरवली.

"त्यास्नी भाताच्या पिंजराची सवय हाय," आप्पा खुर्चीवर टेकत म्हणाले. "जवळ भाताचं काय असंल तर बघा."

"न्हाय हो, आमच्यात कुठलं भाताचं," अण्णा म्हणाले आणि पडद्याकडे न बघता हार आणायला गेले.

नाटक सुरू झालं. ऋषीने शाप दिला, राजा वनवासाला गेला, म्हणजे मल्लू पडद्यामागे जाऊन चुरमुरे खात बसला. आता माझा विलाप होता. अण्णांनी यंदा विलापाला भरपूर कडवी लिहिली होती. समोरच आप्पा बसलेले, त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी आदर दिसत होता. मी जीव तोडून गात होतो.

मध्येच माझ्या पाठीमागे राजवाडा हलला. मी वारा समजून गात राहिलो. राजवाडा पुन्हा हलला, आणि चर्र असा आवाज आला.

"वाडा का हलतोय?" आप्पांनी अण्णांना विचारलं.

"राणीच्या दुख्खानं," अण्णा म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठी समजून मी तेच कडवं परत घेतलं. तेवढ्यात राजवाड्याच्या रंगवलेल्या खिडकीतून एक ओलं काळं नाक बाहेर आलं, मग जीभ, मग एक शिंग. लोक उभे राहिले.

"नंदी," अण्णा पाहुण्यांना म्हणाले. त्यांचा आवाज आता जरा बसला होता. "शंकर प्रसन्न झाला."

नंदीने खिडकी संपवली आणि अरण्याला तोंड घातलं. दुसऱ्या नंदीने मागून राजवाड्याचा पाया धरला होता. मग एकाने मान झटकली, दोरी तुटली, आणि सबंध पडदा शिंगांत अडकवून तो रंगमंचावर आला. पडद्यामागे वनवासातला राजा उघडाबंब, बैलांपासून वाचवलेली चुरमुऱ्यांची टोपली मांडीवर घेऊन दिसला.

इथे मी शांत राहायला हवं होतं. राणीने मूर्च्छा येऊन पडायचं आणि पडून राहायचं, झालं. पण माझ्या डोळ्यांसमोर आमच्या मागावरचं कापड पायदळी चाललं होतं. मी काष्टा खोचला, पडद्याचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि मला देवाने दिलेल्या खऱ्या आवाजात ओरडलो, "अण्णा, दावं धरा!" बैलाने मला रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरपटत नेलं. वाटेत माझा अंबाडा सुटून मल्लूच्या टोपलीत पडला.

आप्पा खुर्चीवरून उठले. "ह्यो परशा न्हवं?"

अण्णांनी नीट निरखून पाहिलं. "हुबळीची गाडी लवकर आली म्हणायची," ते म्हणाले.

आप्पांनी बैल धरले, शांत केले. बैलाच्या तोंडातून लोंबणारा चिंधीचा तुकडा काढून त्यांनी हुंगला, मग पुन्हा हुंगला. माझं लग्न त्या चिंधीत लाळेने भिजून लोंबकळत होतं.

"ह्यो आमचा तांदूळ," ते म्हणाले.

"व्हय," प्रेक्षकांतून आईचा आवाज आला. "मी सांगत हुते, भात करा."

मल्लू चुरमुरे गालात धरून बसला होता. मग आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "लुगडं कुणी नेसवलं तुला?"

"माझं मीच."

"बैलानं एवढं फरपटलं तरी सुटलं न्हाय. जरा चालून दाव."

मी चाललो. एवढ्या लोकांसमोर, डोक्यावर केस नाहीत, पूड घामाने ओघळलेली. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. आयुष्यात पहिल्यांदा मला रंगमंचावर कसं चालावं ते कळेना.

"आमची पोर शेतात वाढली," आप्पा अण्णांना म्हणाले. "तिला गुडघ्याच्या खाली लुगडं नेसायची सवय न्हाय. तुमच्या विणकरात नावं ठेवतील. ह्यो शिकवंल. पोरगी दिली." आणि मग बोट वर करून म्हणाले, "पर ह्ये नाटक आजपासनं बंद."

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी एकदा पडद्याच्या चिंध्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चिंध्यांकडे पाहिलं. मुलगा की महोत्सव, हे ठरवायला बापाला इतका वेळ लागावा, याचं मला आजही वाईट वाटतं. अखेर ते "बरं" म्हणाले, आणि समितीने तो ठराव एकमताने पास केला.

लग्न झालं. पहिल्या सणाला बायको नवं लुगडं घेऊन बसली होती. सासऱ्यांना दिलेला शब्द पाळावा म्हणून मी मोठ्या गंभीरपणे शिकवायला गेलो. निऱ्या कशा घ्याव्यात, पदर किती सोडावा, असं माझं चाललं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, मग माझ्या हातातून लुगडं काढून घेतलं आणि बघता बघता असं नेसली की मी तोंडात बोट घातलं.

"तुमच्या निऱ्या डाव्या अंगाला वड खात्यात," ती म्हणाली. "त्या दिशी बी खात हुत्या."

"तुला काय ठाऊक?"

"मी गाडीत हुते न्हवं आयेसंगं. सगळं बघितलं." पदर खांद्यावर नीट लावत ती पुढे म्हणाली, "बैलांचं दावं बी मीच सोडलं. तुमचं गाणं काय संपंना."

मला धक्का बसला. पण नट तो नटच. घराण्याचा महोत्सव बुडाला, बापाचं स्वप्न गेलं, ते सगळं बाजूला राहिलं. मी एवढंच विचारलं, "कितव्या कडव्याला सोडलंस?"

"पैल्याच," ती म्हणाली. "बैलांनी उठायला येळ लावला."